खजुराची बी

बी सुटत नाही. सुरीचं टोक कडेने फिरवलं, अंगठ्याने दाबलं, तरी हा लाल, करकरीत खजूर आपली बी सोडत नाही — आणि दमयानाच्या लक्षात आलं की मघापासून आपण एकाच खजुराशी झटतो आहोत. परात तशीच भरलेली आहे.

"खजूर चिरते आहेस की ऑपरेशन करते आहेस?" सासूबाई नळाखाली पेरू धूत होत्या. "प्रार्थना सुटली की पोरं इकडेच येणार. नैरूझ आहे, शहिदांचा सण. शहिदाच्या घरचा खजूर हवा असतो सगळ्यांना."

शहिदाचं घर. म्हणजे हे.

साल लाल, ते शहिदांचं रक्त. गर पांढरा, ते त्यांचं मन. बी कठीण, ती त्यांची श्रद्धा... चर्चच्या रविवारच्या शाळेत पिढ्यान् पिढ्या पाठ केलेलं. पाच वर्षांचा असताना फिलोपातेर हे म्हणता म्हणता बी गिळून बसला होता आणि रडायचं सोडून पोटावर हात ठेवून विचारत होता, "आई, आता माझ्या आत श्रद्धा आहे ना गं?" आहे बाळा. मी हसले होते. मी तेव्हा किती सहज हसत असे —

ती मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. खजुराची बी कठीण असते, कारण ती शिदोरी असते, दगडासारखी घट्ट बांधलेली. पाठीवरच्या बारीक ठिपक्याखाली अंकुर निजलेला असतो, आणि तो जागा झाला की आधी तो कठीणपणाच विरघळवून खातो. कोंब फुटतो तेव्हा बी आतून मऊ झालेली असते. कठीणच राहते ती बी रुजलेलीच नसते. हे तिने रविवारच्या शाळेत कधी सांगितलं नाही.

लोक म्हणतात, फिलोपातेर शहीद व्हायला तयार होता. तयार तर होताच, प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या अंगणात फुटबॉलचा सामना होता, बूट पिशवीत घातलेले होते. स्फोट चर्चच्या दारातच झाला. आणि अंत्ययात्रेत, शवपेटी उचलताना, या बाईने, या पेरू धुणाऱ्या बाईने, जीभ हलवून लग्नातल्यासारखी ललकारी दिली होती — शहिदाला अशीच पाठवणी करतात — आणि सगळ्या बायकांनी ती उचलून धरली होती, आणि मला वाटलं होतं की माझे कान आता कायमचे...

अबूना सर्गियुस दुपारी आले. धर्मगुरूंचा काळा झगा सावरत बैठकीत बसले, साखर जास्त घातलेली कॉफी मागून घेतली.

"चर्चमधली काचेची पेटी तयार झाली, दमयाना. बाकी सगळ्या शहिदांच्या घरून कपडे आले. एकट्या फिलोची जागा रिकामी आहे. बरं दिसत नाही, पोरी."

"त्याचे त्या दिवशीचे कपडे त्याच्याबरोबर गेले, अबूना."

"तुझ्या सासूबाई म्हणाल्या, एक सदरा आहे."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बशीतले खजूर सारखे करत होत्या.

"जर्सी आहे. आदल्या दिवशीची. तिला रक्त नाही, नुसता घाम आहे. चार गोल खाऊन आला होता."

"मग? गोल खाणाऱ्याला संत होता येत नाही, असं कुठे लिहिलंय?" अबूना हसले, आणि हसू मधेच थांबवून त्यांनी डोळे पुसले. त्यांनीच त्याचा बाप्तिस्मा केला होता. "माझी कॉफी होईपर्यंत विचार कर. मी सावकाश पितो."

कपाटात, चादरींच्या खाली, ती जर्सीची प्लास्टिकची पिशवी. हवा दाबून काढून तोंड पक्कं बंद केलेली. त्याचा वास म्हणजे कण. पिशवी उघडली की कण उडतात, जे उडाले ते परत येत नाहीत — म्हणून ती उघडत नाही, अगदी असह्य झालं तरच, आणि तेव्हाही पटकन. काचेच्या पेटीत आठवडाभरात काही उरणार नाही. लोक काचेवर ओठ टेकतील, नवस बोलतील, आणि आत नुसतं लाल कापड असेल.

मागे दार लागल्याचा आवाज आला. सासूबाई आत आल्या होत्या.

"द्यायची की नाही ते तू ठरव," त्या म्हणाल्या. "मी अबूनांना सांगायला नको होतं. पण मला तू... मला एकदा हुंगू देशील का?"

दमयानाने त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस भिंतीपलीकडे ही बाई झोपत होती, आणि हिने मागितलं नव्हतं, आणि मीही —

तिने पिशवी उघडली. आधी सवयीने स्वतः नाक नेलं. प्लास्टिकचा वास. पुन्हा एकदा, खोल. प्लास्टिक. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने पिशवी पुढे केली.

सासूबाईंनी जर्सीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले. अंत्ययात्रेत न हललेले खांदे.

"आहे," त्या आतूनच म्हणाल्या. "आहे अजून."

"कसला येतो?"

"डोक्याला जेल चोपडायचा बघ, त्या चिकट मेल्याचा... आणि गवताचा. आणि त्याचा."

खोटं बोलतात का या? की मलाच... एकाच वासाला नाक थकतं, हे ती स्वतः वर्गात शिकवते. पडताळून बघायला तिने हात पुढे केला, आणि मधेच थांबवला. बाहेर अबूनांचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. सासूबाई एकेक वास सांगत होत्या, हुंदक्यांतून, चुकत, पुन्हा पहिल्यापासून, आणि दमयाना डोळे मिटून नुसती ऐकत होती.