आठखांबीची घोटाई

फाल्गुन सरत आला होता. काटेसावरीच्या पर्णहीन फांद्यांवर लाल फुलं पेटलेली, आणि त्यांच्यामधून गाळून उतरणारं कोवळं, केशरी, नुकतंच जागं झालेलं ऊन. ते पायऱ्यांशी आलं, जरा थबकलं, आणि चढलं. किती वर्षांनी त्याला आठखांबीत जायला वाट मिळाली होती.

नदीकाठच्या जुन्या संस्थानी गावातली ही बाग. बागेच्या मधोमध, चार पाटांच्या संगमावर, कमळकळीच्या घुमटाची अष्टस्तंभी मंडपी. गाव तिला नुसतं आठखांबी म्हणतं. पन्नास वर्षं घाणेरीच्या झुडपांनी तिला वेढलं. पिंपळमुळांनी तिचा घुमट चिरला. आणि मागच्या दुरुस्तीने तर तिच्या अंगावर सिमेंटचं करडं कातडं चढवलं. आत ओल कोंडली. ओलीने दगड पोखरला. बाहेरून धडधाकट, आतून भुगा, अशी ती उभी होती.

आता घाणेरी गेली होती. कातडं उतरलं होतं. बुजलेले पाट उकरून निघाले होते, बकुळींची आळी नव्या मातीने भरली होती. आणि खांबांवर पुन्हा चुना चढत होता: चुन्याच्या घाण्यात दळलेला, गुळाच्या आणि बेलफळाच्या पाण्यात भिजलेला, महिनाभर रांजणात मुरलेला, नवनीतासारखा मऊ, नवनीतासारखा शुभ्र चुना.

उरला होता शेवटचा हात. सायीएवढा पातळ थर द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर गारगोटीने घोटायचा. घोटायचा, घोटायचा, घोटायचा, आरसा होईतो घोटायचा. वरून तळापर्यंत येईतो गारगोटीवरचा हात सुटू द्यायचा नाही. हात सुटला की सांधा पडतो, आणि सांध्याची रेघ खांबाच्या जन्माला पुरते.

म्हणून ही घोटाई करणाऱ्या गवंड्यांच्या घराण्यात आणखी एक नियम, कुणी न लिहिलेला, सगळ्यांनी पाळलेला. लेकुरवाळीने खांबाच्या घोटाईला बसायचं नाही.

पण घराण्यातले थोरले गवंडी दौलू मिस्त्री, त्यांच्या हातांना आताशा कंप सुटला होता. त्यांचा मुलगा दूर गोव्याला फरश्या बसवायला गेलेला. राहता राहिली सून, कौशी. माहेरी बापाच्या हाताखाली ती घोटाई शिकलेली. मनगट पोलादी, आणि कडेवर सहा महिन्यांची चिमी.

कौशी पहिल्या खांबाला बसली. चिमीला सावलीतल्या झोळीत निजवलं. दुपार कलली, खांब अर्धा उजळला, आणि झोळीतून रडं आलं. मनाआधी तिचं दूध धावलं. दुधामागे हात धावला.

रेघ पडली. केसाएवढी, पण पडली.

ठेकेदाराचा मुकादम लोखंडे तिथंच उभा होता. "झालं समाधान? पाडव्याचं उद्घाटन अकरा दिवसांवर आलंय. सरळ सिमेंट मारतो, वर पांढरा रंग. फीत कापणाराला काय कळतंय?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "म्हनलं हुतं पोरी. लेकुरवाळीचं काम न्हवं ह्ये."

कौशीने चिमीला पाजून घेतलं. मग पदर खोचला, थापी उचलली, आणि दिवसभराचा तो उजळलेला थर आपल्या हाताने, वरपासून खालपर्यंत, खरवडून काढला. पांढरा धुरळा तिच्या भुवयांवर बसला.

"रेघ माझी, मीच खरवडली. उद्या पुन्हा बसते."

"आणि पोरगी?" मुकादमाने विचारलं.

"ती बी बसंल."

"नियम हाय गं," मिस्त्री म्हणाले.

"नियम हाताचा हाय, मामा. हात सोडायचा न्हाई. पोर सोडायचं, असं कुठं हाय त्यात?"

मुकादम हसला. "एक दिवस देतो. उद्या रेघ दिसली की गोण्या फोडतो." आणि सांजेच्या आत पायऱ्यांशी सिमेंटच्या वीस गोण्या रचून ठेवल्या. वेढा घालून बसलेल्या सैन्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सूर्याबरोबर ती घडवंचीवर चढली. जुन्या लुगड्याने चिमीला छातीशी बांधलेली, गाठ पाठीवर घट्ट. डावा हात लेकराखाली, उजवा हात गारगोटीवर. वर, खाली. वर, खाली. चिमी जागी झाली, चिमी प्याली, चिमी निजली. वर, खाली. हात फिरत राहिला.

चुना सुकू लागला तसं पाणी शिंपडायला कुणीतरी हवं होतं. मिस्त्री उठले. कुंचला पाण्यात बुडवून त्यांनी खांबासमोर धरला, आणि त्यांच्या थरथरत्या हातातून तुषार उडाले, बारीक, सारखे, दवासारखे. असं शिंपण धडधाकट हाताला कधी जमलं नव्हतं.

बकुळींना पाणी घालणाऱ्या बाया पाटावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली म्हातारी सोनामावशी म्हणाली, "कौशे, दूध पाजतीस कुनाला गं? पोरीला का खांबाला?"

"दोघंबी उपाशी हायती, मावशी."

हशा पिकला. कौशीही हसली, पण मनगट थांबलं नाही. ऊन डोक्यावर आलं, खांद्यावर आलं, पायाशी आलं. तीही उन्हाबरोबर उतरत गेली. घडवंचीवरून पायरीवर, पायरीवरून गुडघ्यांवर. तळाला कोरलेल्या पद्मदलांशी गारगोटी पोचली, आणि मग, मगच, तिने हात उचलला. बोटं उघडेनात.

मुकादम वाकला. बॅटरीचा झोत आडवा मारला. खांबाभोवती फिरला, नखाने चाचपलं, पुन्हा फिरला. नखाला कुठेच काही अडलं नाही.

"सात राहिलेत अजून," तो म्हणाला.

"दिस नऊ हायती," कौशी म्हणाली. "आन् हिला घिऊनच बसनार हाय मी. रोज."

तो थोडा वेळ खांबाकडे बघत राहिला, नाहीतर खांबात दिसणाऱ्या स्वतःकडे. मग ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून म्हणाला, "उचल रं त्या गोण्या."

मिस्त्री दुसऱ्या खांबाचा चुना गाळायला बसले होते. कौशीने पाठीवरची गाठ सोडली, चिमीला उभी धरली. नवलाने लेकराने त्या शीतल, शुभ्र, स्फटिककांत अंगाला नाक लावलं. खांबावर वाफेचं इवलं वर्तुळ उमटलं, विरलं. पुन्हा उमटलं, पुन्हा विरलं. आणि पलीकडे, मोकळ्या पाटातून, संध्याकाळचं पहिलं पाणी हलकेच चालत आलं.