चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

थोरलीनं चिठ्ठी घाईघाईनं चष्म्याच्या घरात कोंबली आणि खटकन झाकण लावलं. बाल्कनीत धाकटी आणि दाढीवाला नकाशात डोकी घालून उभे होते. दोघांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही. तेही तिला लागलंच.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिनं परत टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यात बारा वर्षांची भाषा होती. लॅटिन बोलणारे खलाशी एका बेटावर अडकले, तर शेकडो वर्षांनी त्यांची बोली कशी झाली असती, हा दोघी बहिणींचा खेळ. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची, धाकटी मोजणीच्या कचेरीत होती. रविवारी चार ते पाच मात्र दोघी बेटावर. एका चिठ्ठीवर एक शब्द. डावीकडे अर्थ, उजवीकडे शब्द, मागे दोघींच्या सह्या. डब्यात ज्याची चिठ्ठी नाही तो शब्द बोलायचा नाही, आणि त्या तासात जो घरची भाषा बोलेल त्यानं चहा करायचा.

नऊशे शब्द झाले होते. पाणी होतं, खिडकी होती, जावई आणि उवासुद्धा होत्या. पण ‘आणि’ नव्हतं, ‘पण’ नव्हतं, ‘कोण’, ‘काय’, ‘का’ तर नव्हतेच. कापड भरपूर, शिवायला दोरा नाही, अशी गत.

“छोटे शब्द शेवटी,” थोरली म्हणायची. “ते सारखे तोंडात येणार. घाई नको.”

“अगं, बेटावरची माणसं एकमेकांना काही विचारतच नाहीत का?”

धाकटी हे आधी हसून म्हणायची. पुढेपुढे न हसता म्हणू लागली.

खरं सांगायचं तर थोरलीला भाषा पुरी करायचीच नव्हती. अपुरी होती तोवर धाकटी दर रविवारी येणार, एवढं तिला कळत होतं. मग धाकटीनं कचेरीतला हा नकाशे काढणारा दाढीवाला आणला. त्यानं पहिल्या रविवारी बेटाचा नकाशा काढला, आणि दुसऱ्या रविवारी सहा प्रश्नशब्द करून आणले. आयत्या बिळावर नागोबा!

बरं, चुकीचे तरी असावेत! लॅटिनमधला ‘क्व’ बेटावर ‘प’ होतो, हा नियम थोरलीचा, पाण्याला ‘आपा’ म्हणताना सुचलेला. त्यानं तोच धरला होता. कोण म्हणजे ‘पि’, काय म्हणजे ‘पे’, कधी ‘पांदो’, कसं ‘पोमो’. ‘कुठे’चं मूळ वेगळं, म्हणून त्याला ‘ओबे’. आणि का म्हणजे ‘पारे’. थोरली दोन संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन बसली. जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला, पण इथं एक सापडेल तर शपथ. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पाच चिठ्ठ्यांवर तिनं नाक मुरडत सही केली. ‘पारे’ सगळ्यांत सुंदर होता. त्याला ती “बघते” म्हणाली. आज डबा उघडला तर त्या चिठ्ठीमागे धाकटीची सही, खाली तिच्या सहीची जागा सोडून, वाट बघत बसलेली, आणि हात आपोआप चिठ्ठीवर गेला.

चार वाजले. तिघं टेबलाशी बसली. दाढीवाल्यानं खिडकीबद्दल काहीतरी विचारलं, धाकटी खळखळून हसली. थोरली मान खाली घालून चष्म्याचं घर बोटांनी फिरवत राहिली.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं.

“तु,” ती बेटावरच्या भाषेत म्हणाली, “त्रिस्ते.” तू दुःखी.

पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण सही झाली की नाही हे बघायला तिनं डबा ओढला. पि, पे, पांदो, पोमो, ओबे. पुन्हा एकदा. मग डबा पालथा केला.

“अहो, मी स्वतः ठेवली होती ना त्यात!” दाढीवाला बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली. चहा त्याच्यावर आला. बिचारा निमूट उठून आत गेला.

दोघी उरल्या. एका कप चहाच्या बदल्यात धाकटीला घरच्या भाषेत काहीही विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. तिची नजर डब्यावरून सरकत चष्म्याच्या घरावर आली आणि तिथंच थांबली.

थोरलीचे कान तापले. तिनं झाकण उघडलं. चुरगळलेली चिठ्ठी टेबलावर तळव्यानं सपाट केली, मागे सही केली आणि डब्यात टाकली.

“पारे?” धाकटीनं लगेच विचारलं. आवाज अगदी हळू.

उत्तराचा शब्द नऊशे चिठ्ठ्यांत नव्हता. थोरलीनं एक कोरी चिठ्ठी घेतली, डावीकडे ‘हेवा’ लिहिलं, आणि उजवी बाजू तशीच ठेवून धाकटीकडे सरकवली.

धाकटीनं ती वाचली. मग तिनं पेन मागायला हात पुढे केला.

आतून डबे वाजले.

“ओबे?” दाढीवाल्यानं रिकामी साखरदाणी दारातून बाहेर दाखवली.

थोरली उठली. साखर वरच्या फळीवर, कोपऱ्यात होती. त्याला कसं ठाऊक असणार.