साळिंदर छाप

“सही करा वहिनी, आणि विषय संपवा,” म्हणत धाकट्या दिरानं पेन पुढं सरकवलं. ट्रेडमार्कची कामं करणारा एजंट दोघांच्याही नजरेला नजर न देता खिडकीबाहेर बघत बसला होता.

‘साळिंदर छाप’ कुलपं तिनं आणि नवऱ्यानं मिळून नावारूपाला आणली होती. काटे फुलवून बसलेल्या साळिंदराचं चित्रही तिनंच काढलेलं. “स्वतःवरूनच बेतलंयस,” असं नवरा चिडवायचा. तो गेला आणि कारखाना सावरताना ती मेटाकुटीला आली, तेव्हा हाच दीर म्हणाला होता, “कागदपत्रांचं मी बघतो, तुम्ही निर्धास्त राहा.” ती राहिली. नोंदणीची मुदत संपली तरी त्यानं नूतनीकरण केलं नाही, आणि जुनी नोंद रद्द होताच तोच छाप स्वतःच्या नावावर करून घेतला.

“वापरू नका असं कुठं म्हणतोय मी? माझ्या परवानगीनं वापरा, एवढंच लिहिलंय या कागदात. घरातलंच तर आहे.”

“घरातलं होतं म्हणूनच कुलूप लावलं नव्हतं, भाऊजी.”

“दादा गेल्यापासून मला कारखान्यात पाहुण्यासारखं वागवलंत. बसायला धड खुर्ची दिली नाहीत.”

“म्हणून माझा गळा कापलात?”

तिनं एजंटकडे मान वळवली. “भांडता येईल का?”

“येईल,” तो चाचरला. “आधीपासून तुम्हीच वापरताय. पण चपला झिजतील.”

“आणि तोवर बाजारात मीच असेन,” दीर म्हणाला.

“असाल तर असा. मी भांडणार. आणि तुमच्या परवानगीनं एकाही कुलपावर साळिंदर उमटवणार नाही.” पेनाला हातही न लावता ती उठली.

कारखान्यात आल्या आल्या तिनं फिटरला यंत्रावरचा साळिंदराचा ठसा काढायला लावला.

“मग काय उमटवू, बाई?”

“काही नको. कोरी जाऊ देत.”

कोरी कुलपं दुकानदारांनी परत पाठवली. निम्मी यंत्रं बंद पडली. दिरानं कुठूनशी स्वस्तात बनवून आणलेली साळिंदरं मात्र धडाक्यात खपत होती. खटला रखडतच राहिला.

एका दुपारी एक दुकानदार तावातावानं आत शिरला आणि त्यानं नवंकोरं साळिंदर छाप कुलूप टेबलावर आदळलं.

“किल्ली फिरेना. सगळ्या गल्लीसमोर दाराची कडी कापून दुकान उघडावं लागलं. लाज कशी वाटत नाही? तुमचंच जुनं कुलूप माझ्या वडिलांनी लावलेलं, अजून चालतंय.”

“अहो, हे आमचं...” फिटर बोलू लागला. तिनं हातानंच त्याला थांबवलं.

कुलूप खोलून तिनं आतली मऊ पडलेली स्प्रिंग काढून टाकली, आपल्याकडची बसवली, तेल सोडलं आणि किल्ली फिरवून पाहिली. आता कुलूप सहज उघडत होतं. दुकानदारानं ते खिशात घातलं.

“आता तरी जरा नीट बनवत जा.”

“हो,” ती म्हणाली आणि हात पुसायला चिंधी शोधू लागली.