टाकीतल्या वाळूवरचं नाक

पुतणीला जुळी झाली त्या वर्षी दादाची पोवळी मिटायला लागली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर गवंडीकाम केलेला. काम सुटल्यावर त्याने बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली. तळाला चार बोटं पांढरी वाळू, तिच्यावर दगड, दगडांवर जिवंत पोवळी. दिवा लागला की ती उमलायची आणि दादा समोर नव्या जावयासारखा सावरून बसायचा.

आता दिवा लागला तरी ती उघडेनात. कडा तपकिरी पडल्या. काचेलगत वाळूत काळे पट्टे दिसू लागले. मधूनच एखादा बुडबुडा वर यायचा आणि खोलीभर सडक्या अंड्याचा वास सुटायचा.

वहिनींनी नाकाला रुमाल लावला. "लेक बाळं घेऊन येतेय. ती यायच्या आत हा वास गेला नाही, तर टाकी जाईल. टाकीबरोबर जायचं असेल तर तुम्हीही जा."

दादाने हायच खाल्ली.

"तूच मुठीमुठीने खाणं टाकत असशील," तो माझ्यावर घसरला.

"मला तू टाकीजवळ फिरकू तरी देतोस का?"

मग मोर्चा वहिनींकडे. "फरशी कसल्या औषधाने पुसतेस गं?"

"फरशी तुम्ही पुसता," वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षापासून."

शेवटी माशांच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने मीठ मोजलं, दिवा पाहिला, पंप पाहिला, नळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकले. मग वाकून काचेला कपाळ टेकवलं. "वाळू इतकी सपाट कशी? यात गोगलगायी आहेत, किडे आहेत. ते सारखे उकरत असतात. कोणी हात लावतं का हिला?"

"छे!" दादा म्हणाला. "वाळू आपोआप बसते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर सपाटी तपासायची पाणसळ घेऊन फिरलेला माणूस, आणि म्हणे आपोआप बसते!

संध्याकाळी दादा फिरायला गेल्यावर वहिनींनी विणायची लांब सुई घेतली आणि वाळूवर हलक्या हाताने एक बदक काढलं. सकाळी बदक गायब. दुसऱ्या दिवशी मांजर काढलं. तेही गेलं. चहा पिताना दादा आमच्याकडे चोरून बघायचा, बोलायला तोंड उघडायचा आणि त्यात बिस्किट कोंबायचा. विचारणार कसा? बदक दिसलं म्हणावं, तर ते गेलं कुठे हेही सांगावं लागणार.

मग वहिनींनी दादालाच काढलं. टक्कल, मिशा आणि नाक. नाक काही संपेना.

"वहिनी, पुरे."

"थांबा भावजी, टोक राहिलंय."

सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात कान टवकारून बसलो. बाहेरून आवाज आला, "एवढं नाक आहे माझं?"

जाऊन पाहतो तर दादा स्टुलावर उभा, बाही खांद्यापर्यंत वर, हात पाण्यात, हातात प्लास्टिकची थापी. लोखंड गंजतं म्हणून ही स्वतः कापून केलेली.

"कुठे चुकलंय ते थापीने दाखवा की," वहिनी म्हणाल्या.

दादाने मान खाली घातली. "अगं, खड्डे, उंचवटे... बघवत नाही. लोक म्हणतील, गवंड्याच्या घरात वाळूला लेव्हल नाही."

"कोण लोक? मासे?"

रोज दाबून दाबून त्याने वाळूचा कोबा करून टाकला होता. खाली हवा पोचेना, आतले जीव गुदमरून सडले आणि त्यांचं विष पोवळ्यांना बाधलं.

हे कळल्यावर दादा बादली घेऊन सगळी वाळू उपसायला निघाला. फोनवर दुकानदार ओरडला, "एकदम हलवलीत तर एक पोवळं वाचणार नाही! काळी वाळू नळीने थोडी थोडी ओढा, तेवढं पाणी नवं घाला, गोगलगायी सोडा. आणि बाकी काहीही करू नका."

काही न करणं हेच दादाला जमेना. वहिनींनी थापी कपाटात कुलूपबंद केली आणि विणकाम घेऊन टाकीपाशी पहारा मांडला. मागच्या दगडावरची दोन पोवळी गेलीच. बाकीची मात्र हळूहळू, रुसवा काढल्यासारखी, उघडू लागली.

पुतणी आली. दादा दाराशी श्वास रोखून उभा. वहिनी टाकीवर वाकल्या, लांबलचक हुंगलं, मग वळून बाळांना हुंगलं.

"वास आहे, पण टाकीचा नाही," त्या म्हणाल्या. "आजोबा, लंगोट बदला."

टाकी राहिली. गोगलगायींनी वाळू नांगरल्यासारखी करून टाकली. दादा रोज समोर बसायचा, पण पेपर असा धरायचा की वरची पोवळी दिसावीत आणि खालची वाळू झाकली जावी.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, दुपारच्या झोपेतच दादा गेला.