तिप्पण्णाची करडगी

"हे कुणाच्या गळ्यातलं काढून आणलंत?"

सिद्धेश्वरीनं हे विचारलं तेव्हा तिचा नवरा मृत्युंजय पिंपात पाइप धरून उभा होता. जुळे सोलापुरात पाणी यायचा दिवस म्हणजे सणच. त्या दिवशी भांडणसुद्धा बादल्या भरेपर्यंत पुढं ढकलतात. पण सिद्धेश्वरीला आज बादल्यांचं भान नव्हतं. त्याच्या बॅगेतले कपडे धुवायला काढताना आतल्या कप्प्यात तिच्या हाताला साखळी लागली होती आणि साखळीला चांदीची, काळी पडलेली करडगी.

करडगी म्हणजे काय हे लिंगायताच्या लेकीला सांगावं लागत नाही. गळ्यातलं इष्टलिंग त्या डबीत राहतं. माणूस मातीत जातो तेव्हा ते त्याच्याबरोबरच जातं. जिवंतपणी असो की मेल्यावर, दोघांची ताटातूट करायची नसते.

"तिप्पण्णाचं हाय," मृत्युंजय म्हणाला. पिंप भरून पाणी त्याच्या पायांवरून वाहायला लागलं होतं.

"बसव्वाच्या तिप्पण्णाचं?"

"व्हय."

सिद्धेश्वरीनं करडगी पदरात घेतली.

मृत्युंजय पाणबुड्या होता. शुक्रवार पेठेतले जुने सोबती त्याची थट्टा करत, की गावाला चार दिवसाआड पाणी आणि हा गडी नोकरीला समुद्राच्या तळाशी! मामाच्या विहिरीत पोहायला शिकलेला हा माणूस मुंबईच्या एका कंपनीत लागला आणि बुडालेली जहाजं कापायची, त्यांना आकडे अडकवायचे, हे काम वर्षानुवर्षं करत राहिला. बरोबरचे लोक खालून येताना रिकाम्या हातानं येत नसत. टोळीचा मुकादम अभिमन्यू, त्याच्या दिवाणखान्यात तर जहाजाचं चाक, घड्याळ, पितळी दिवे असं सगळं प्रदर्शन होतं. "आपण नाही घेतलं तर गंज घेतो," तो म्हणायचा. मृत्युंजयनं कधी चमचाही उचलला नाही. म्हणून टोळीत त्याला 'स्वामी' म्हणून चिडवत.

आणि या स्वामीनं उचललं काय, तर हे.

दोन वर्षांमागं कोकण किनाऱ्याजवळ वादळात जहाजं ओढणारी एक टग बोट बुडाली. तिच्यावर शुक्रवार पेठेतल्या त्याच्याच जुन्या बोळातला तिप्पण्णा कामाला होता. बाकीच्यांचे देह मिळाले, त्याचा नाही. तेव्हापासून मृत्युंजय सुट्टीवर आला की बसव्वा दारात हजर. "खाली गेलास की माजं पोरगं बघ, यप्पा." तो मान हलवायचा. समुद्र काय विहीर आहे? पण म्हातारीला ते कोण सांगणार.

या उन्हाळ्यात त्याच बोटीचं काम त्यांच्या कंपनीकडं आलं. इंजिनखोलीचं दार वाकून अडकलं होतं. फटीतून खांद्यापर्यंत हात आत गेला. हाताला कामाचा जाड डगला लागला, डगल्यात हाडं, आणि वर साखळी. टाकीतली हवा संपत आली होती. त्यानं साखळी ओढली. ती तुटली नाही. अलगद निघून आली. ती इतकी अलगद का निघाली हे त्याला तिथंच कळलं आणि तोंडातल्या नळीवर त्याचे दात घट्ट रुतले.

वर आल्यावर तो गप्प राहिला. बुडालेल्या जहाजातून काही घेतलं की नोकरी गेली, असा नियम. त्यात पावसाळा आला, काम थांबलं. आता दर्या शांत झाला की बोट कापून भंगारात जाणार होती. आत कुणी नाही, असं सगळ्यांनी धरलंच होतं.

"म्हणजे तिप्पण्णाबी भंगारात?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

त्यानं पाइप पिंपातून काढून बादलीत सोडला.

"आज जाऊन द्या. तळाला सुटं पडलेलं गावलं म्हणून सांगा. म्हातारीच्या जिवाला तेवढंच बरं वाटंल."

वाटभर गाडीवर तो तेच वाक्य घोकत होता. सुटं पडलेलं गावलं. सुटं पडलेलं.

बसव्वा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. कडक भाकऱ्यांवरच तिचं घर चालायचं. "आलास? बैस," म्हणून तिनं पाट सरकवला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तिच्यापुढं उघडला.

थापायचा आवाज थांबला. तिनं करडगीला हात लावला नाही. पिठाचे हात तसेच धरून ती नुसती बघत राहिली.

"कुटं गावलं?"

"बोटीत."

"सुटं हुतं, का गळ्यात हुतं?"

घोकलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं.

"खरं सांग, यप्पा. सुटं असंल तर त्यानं मरताना सोताच्या हातानं लिंग काढून टाकलं म्हणायचं. माजं पोरगं असलं करंल का?"

चांगुलपणाचं म्हणून आणलेलं ते खोटं मेलेल्या पोरावर किती मोठा आळ घालत होतं, हे ना मृत्युंजयच्या ध्यानात आलं होतं, ना सिद्धेश्वरीच्या.

"गळ्यात होतं, अव्वा. मीच काढलं."

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला. बसव्वानं तवा खाली घेतला नाही.

"मी लिंग आण म्हटलं हुतं का तुला? पोरगं बघ म्हटलं हुतं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं तो जास्तच लागला. "बुडालं तरी लिंग हुतं की रं त्याच्याजवळ. तेबी तू काढलास."

त्याला वाटलं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं तिथंच फोन काढला आणि अभिमन्यूला लावला. इंजिनखोलीत माणूस आहे, कापाकापी थांबवा, मी लिहून देतो, एवढं एका दमात सांगितलं.

"वेड लागलं का तुला?" अभिमन्यू ओरडला. "बरं, माणूस दिसला एवढंच सांग. घेतलंस ते बोलू नको."

"नुसतं दिसला म्हटलं तर डगला असंल म्हणतील, अन् कापतील. पुरावा माज्याकडं हाय."

"अरे, तुझ्यापायी आम्हा सगळ्यांच्या घराच्या झडत्या होतील! तुझी नोकरी तर गेलीच म्हण. पोरं लहान आहेत तुझी."

"व्हय," मृत्युंजय म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पोरांची आठवण त्याला अभिमन्यूनं करून द्यायला नको होती.

बसव्वा सगळं ऐकत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले.

"हे आता पोलिसांत द्यावं लागंल, अव्वा. त्याशिवाय कुणी खाली उतरणार न्हाय."

"देणार न्हाय. पोलिसांनी बघावं. मी येते घालून."

"तुमी? पण तुमचं एक गळ्यात असताना..."

"हा पोटात हुता, आठवा म्हैना लागला तवा मठाच्या स्वामींनी ह्याच्या नावाचं लिंग माज्याच गळ्यात बांदलं हुतं. जन्मला, मग त्याला दिलं. आता परत येईस्तोवर मीच सांभाळते की."

तिनं करडगी पाण्यानं धुतली, पदरानं पुसली, विभूती लावली. काळेपणा काही गेला नाही. मग साखळी डोक्यावरून गळ्यात घातली. मुलगा गेला हे आज तिनं पहिल्यांदाच मान्य केलं होतं. तरी ती रडली नाही. मृत्युंजय मात्र भिंतीकडं तोंड करून रडला.

"चल," ती म्हणाली. "कुटं जायाचं ते दाव."

त्यानं गाडी काढली. बोळाची उंच पायरी उतरताना बसव्वाच्या पदराखाली दोन करडग्या एकमेकींवर आपटल्या. तिनं पटकन त्यावर हात ठेवला, गरोदर बाई पोटावर ठेवते तसा, आणि जपून पाऊल खाली टाकलं.