कानसेनांनी घेतलेला माइक

"काका, हाच घ्या. टाचणी पडली तरी पकडतो," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे टाचण्या पडत नाहीत हो, शेजारचा मिक्सर गरगरतो," कानसेन म्हणाले. "तो स्वस्तातला दाखवा."

कानसेन पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांनी दाखवलेल्या जागी खणलं आणि पाणी लागलं नाही, असं क्वचितच झालं. खात्यातल्यांनी म्हणूनच हे नाव ठेवलं होतं. तान होती ती बायकोकडे. त्या घरी गाणं शिकवायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. सोमवारी बाईंच्या गळ्यातली गाठ काढायची होती. आवाज राहील, न राहील, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्याआधी शिकवणीतल्या मुलांसाठी चाळीस धडे तरी घरच्या घरी रेकॉर्ड करायचे होते.

दुकानदाराने दोन्ही माइक जोडून दिले. कानसेनांनी हेडफोन चढवला.

"आता दार उघडा. आणि कुणी बोलू नका."

एरवी गिऱ्हाईक माइकपुढे हॅलो हॅलो करतं. हे गृहस्थ डोळे मिटून गप्प उभे. महागड्या माइकात रस्ता, पंखा, पलीकडच्या दुकानातला खोकला, सगळं घुसत होतं. स्वस्तातला लांबच्या आवाजांना फारशी दादच देत नव्हता. तोंड चार बोटांवर नेलं की मात्र शब्दन् शब्द नीट घेत होता.

"हाच द्या. ह्याला गावभरच्या चौकश्या नाहीत, समोरच्याचं तेवढं ऐकतो."

दुकानदार हसला. "काका, तुम्ही गाता का?"

"छे! मी रस्ते खणायला लावतो."

बाई तीन दिवस गायल्या. खिडक्या बंद, आवाज घुमू नये म्हणून मागे दोरीवर दोन रजया. रविवारी दुपारी घसा ठणकायला लागला.

"अगं, पुरे कर आता."

"अहो, एक राहिलाय. पोरांनी काय एकोणचाळीसवर अडकून बसायचं?"

गाठ गेली आणि आवाजही गेला. सहा महिने वाट पाहिली, तरी खरखरीपलीकडे काही परतलं नाही. शिकवणी सुटली, असं कानसेनांनी मनाशी धरलं होतं. पण बाईंनी मुलांना निरोप धाडले.

पहिल्या दिवशी मुलं जमली आणि बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. बाईंचा तो जुना, भरलेला आवाज खोलीत आला आणि दारात उभ्या कानसेनांना हुंदका आवरेना. एवढ्यात बाईंनी मध्येच बटण दाबलं. उठून फळ्यावर लिहिलं, "इथे माझा वरचा सा किंचित उतरला आहे. माझ्यासारखा लावू नका."

कानसेनांनी फळा दोनदा वाचला. हा आवाज आता पुन्हा मिळायचा नव्हता, आणि ही बाई त्यातच चूक काढत होती! त्यांच्या कानांना तर ती सापडलीही नव्हती. आपल्या बायकोचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

"पण बाई, छानच वाटतंय की," सगळ्यात धाकटी म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि तिलाच खूण केली: तू म्हण.

तिने सा लावला. बाईंचा तळहात हळूहळू वर जाऊ लागला. अजून थोडा, अजून थोडा. सूर जागेवर बसला तसा हात थांबला, आणि पोरीचा श्वास पुरेपर्यंत त्यांनी तो खाली आणला नाही.