हातानं कापलेल्या पट्ट्या

मर्ल कागद कापायला बसली की रेडिओसुद्धा बंद करायची. आधी कागद दोन्ही अंगांनी वाकवून बघायचा. ज्या अंगानं तो मुकाट वळतो, त्याच अंगानं पट्टीही सुईभोवती वळली पाहिजे. नाहीतर पट्टी मोडते आणि पट्ट्या गुंडाळून केलेलं क्विलिंगचं फूल चिरगुटासारखं दिसतं. मग पोलादी पट्टी, चाकूला कोरं पातं, आणि नवऱ्यानं, केल्विननं घासून दिलेली, कागदपट्टीच्या रुंदीएवढी पितळेची चीप. ती मापाला लावून पोलादी पट्टी सरकवायची की प्रत्येक कागदपट्टी दुसरीची जुळी बहीण. कागदाचा माथा बोटभर न कापता सोडायचा, म्हणजे पट्ट्या झालरीसारख्या एकत्र लोंबतात. तांबूस रंगही घरचाच, परसातल्या निलगिरीची पानं जुन्या पातेल्यात उकळून काढलेला.

केल्विन गेला, चीप राहिली. आणि राहिली त्याची बहीण डल्सी. नणंद ही जात गव्हाच्या मुलखातही नणंदच असते. डल्सीची बोटं चपळ, तिची फुलं डर्रावेल गावच्या शेतकी शोमध्ये दरवर्षी पहिल्या नंबराची निळी फीत घेऊन यायची. पट्ट्या मर्लच्या, फुलं डल्सीची, आणि फुलं चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर नाव एकट्या डल्सीचं. मर्लनं एकदा तसं बोलून दाखवलं, तर डल्सी खदाखदा हसली.

"अगं, ब्रेड खाताना गव्हाचं पोतं कुणी शिवलं हे विचारतं का कुणी?"

तेव्हा मर्लही हसली होती. पण ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं ते बसलंच. एकदा, फक्त एकदा, पुठ्ठ्यावर आपलं नाव बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा शोच्या कमिटीनं नवा वर्ग काढला. विकतच्या पट्ट्यांची पाकिटं फार बोकाळली होती, म्हणून क्विलिंगच्या या वर्गात पट्ट्याही ज्यानं त्यानं स्वतः कापलेल्या हव्यात. मर्लला वाटलं, हा वर्ग आपल्यासाठीच काढलाय. हिवाळाभर खपून तिनं कुंपणावर बसलेले दोन गुलाबी काकाकुवे केले. डल्सीला ती अवाक्षरही बोलली नाही.

शोच्या दिवशी पत्र्याच्या हॉलमध्ये स्पंज केक, जॅमच्या बरण्या आणि लोकरीचे गठ्ठे ओलांडून ती क्विलिंगच्या टेबलाशी पोचली. तिच्या काकाकुव्यांना फीत नव्हती. नुसती परीक्षकबाईंची चिठ्ठी. 'काम सुरेख. पट्ट्या यंत्राच्या, विकतच्या दिसतात. अपात्र.'

शेजारी निळी फीत लावून डल्सीचा कागदी एमू पक्षी उभा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पट्ट्यांतला हाताचा सच्चेपणा भावला.' मर्लनं जवळ जाऊन वाकून पाहिलं. तो तांबूस रंग तिच्याच पातेल्यातला. आणि त्या वेड्यावाकड्या पट्ट्या तर ती अंधारातही ओळखली असती. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता त्या वर्षी कापलेल्या, फेकायच्या म्हणून डब्यात टाकलेल्या. डल्सी तो डबा घेऊन गेली होती. म्हणाली होती, "टाकतेस कशाला? शाळेतल्या पोरांना देईन."

मर्ल तडक कमिटीच्या नोएल पास्कोकडे गेली. "नोएल, माझ्या काकाकुव्यांच्या पट्ट्या मीच कापल्यात. चाकू दे, इथंच कापून दाखवते."

"मर्ल, परीक्षण कालच उरकलं गं," नोएल कानकोंडा होऊन म्हणाला. "पण दुसऱ्या स्पर्धकानं ग्वाही दिली, तर बाईंशी बोलता येईल. डल्सी! तू तर घरचीच. मर्लला पट्ट्या कापताना पाहिलंयस ना?"

डल्सी चहाच्या टेबलाशी उभी होती. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे वळल्या. डल्सीनं कप खाली ठेवला, ओठ पुसले.

"पट्ट्या असायच्या बाई तिच्या घरात. पण कापताना? आता खोटं कशाला बोलू, डोळ्यांनी काही पाहिलं नाही कधी."

खोटं असतं तर मर्लनं तिला तिथल्या तिथं उघडी पाडली असती. पण हरामखोर बाई खरं बोलत होती. इतकी वर्षं डल्सी दारात गाडी चालूच ठेवून यायची, तयार पट्ट्या उचलायची आणि जायची. एमूबद्दल बोलायला मर्लनं तोंड उघडलं, आणि मिटलं. जिच्या स्वतःच्या पट्ट्यांवर विश्वास नाही, तिनं दुसरीला चोर म्हटलेलं कोण ऐकणार? काकाकुवे काखोटीला मारून ती घरी आली.

पुढच्या आठवड्यात दारात गाडी घुरघुरली.

"अजून रुसलीयस होय गं? सोड ना," डल्सी उंबऱ्यातूनच म्हणाली. "फीत मिळालेल्यांनी राज्याच्या शोला नवं काम पाठवायचंय. त्या तांबूस रंगाच्या काप ना थोड्या. आणि हे बघ, जरा वाकड्याच काप हं."

मर्लनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "गाडी बंद कर. आत ये. बस."

डल्सी बसली. मर्लनं कागद वाकवून पाहिला, चीप लावली, पातं चढवलं आणि अख्खा कागद कापून काढला. डल्सी आधी घड्याळ बघत होती, मग नुसतीच चुळबुळत राहिली.

"पाहिलंस ना आता डोळ्यांनी?"

"पाहिलं गं बाई."

"मग चल नोएलकडे. सांग त्याला."

डल्सीनं नजर टेबलावर खिळवली. "आता सांगून काय होणार? फीत भिंतीला लागलीय माझ्या. लोक काय म्हणतील?"

मर्ल उठली. तिनं एक तांबूस कागद आणि गंजकं पातं तिच्यापुढे टाकलं. "घे. वाकड्या कापायला तुला माझी गरज नाही."

डल्सीनं दोन्ही वस्तू उचलल्या. लाज असती तर ठेवून गेली असती. गाडीचा आवाज गव्हाच्या शेतांपलीकडे विरेपर्यंत मर्ल उभीच होती.

मग ती टेबलाशी बसली आणि कापलेली झालर उजेडात धरून एकेक पट्टी तपासत गेली. रागाच्या भरात कापलेल्या होत्या, एखादी तरी वाकडी निघेल असं तिला वाटत होतं. एकही निघाली नाही.